बाइकचं वजन कमी करायचंय? आधी बघा, ते वजन कुठे आहे

ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसात कानात इअरफोन घालून बसता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे जिथे "म्हणजे बघा, काय होतं ना" असं दहा वेळा आलंय, ते काढून टाकलंय. आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण आजचा विषयच आकड्यांचा आहे: बाइकचं वजन.

झालं असं, की एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. त्याच्याकडे केटीएम आरसी ३९० आहे. रोज कॉलेजला तीच, सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीला तीच, आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे, तोही चेन्नई किंवा कोइम्बतूरला जाऊन. त्याने साठ हजार रुपये साठवलेत आणि बाइक हलकी करायची आहे. यादी तयार आहे: ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली कार्बन फायबरची चाकं, सगळीकडे ॲल्युमिनियमचे रंगीत बोल्ट, फुल एक्झॉस्ट, लिथियम बॅटरी, आणि साडी गार्ड काढून टाकणं. "दादा, यातलं आधी काय करू?"

प्रश्न चांगला आहे. पण या यादीत दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांनी हाडं मोडू शकतात. म्हणून नुसतं उत्तर देण्यापेक्षा हिशोब कसा करायचा तेच सांगतो. मग कुठलीही बाइक असो, यादी तुम्ही स्वतः तपासू शकाल.

पाच किलोने नेमकं काय होतं?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे ॲप हळू चालत असेल तर आधी प्रोफायलर लावून बघतात, की वेळ नक्की कुठे जातोय. न बघता कोड बदलत सुटलं की मेहनत भरपूर होते आणि वेग तेवढाच राहतो. बाइकचंही तसंच आहे. आधी मोजायचं, मग कापायचं.

आरसी ३९० चं कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट सगळं भरून, १७२ किलो. चालवणारा ७० किलोचा धरू. हेल्मेट, जॅकेट, बूट, ग्लोव्ह्ज मिळून आठ किलो. एकूण झाले २५० किलो. इंजिनला ही सगळी २५० किलोची गाडी ओढायची असते, नुसती १७२ ची नाही.

आता त्यातून पाच किलो काढले. म्हणजे २ टक्के. पिकअपमध्ये साधारण तेवढाच फरक पडेल, जणू इंजिनची ताकद २ टक्क्यांनी वाढली. या इंजिनची ताकद ४३.५ पीएस आहे, तिचे २ टक्के म्हणजे ०.९ पीएस. शून्य ते शंभरला साडेपाच-सहा सेकंद लागत असतील, तर फायदा एक दशांश सेकंदाच्या आसपास. टॉप स्पीडवर तर जवळपास काहीच फरक नाही, कारण तिथे भांडण वजनाशी नसतं, हवेशी असतं.

ऐकून थोडं निराश व्हायला होतं, माहितीये. पण थांबा. हा हिशोब "किलो म्हणजे किलो" असं धरून केलाय. बाइकवर प्रत्येक किलो सारखा नसतो, आणि खरी मजा तिथेच आहे.

एक किलो, तीन भाव

पहिला मुद्दा, फिरणारं वजन. सीटखालचा एक किलो फक्त पुढे जातो. रिमच्या कडेचा एक किलो पुढेही जातो आणि गोलही फिरतो. दोन्ही कामांना ऊर्जा लागते. बीटेकच्या पहिल्या वर्षाचं गणित आहे: सगळं वजन चाकाच्या कडेला असेल तर फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेइतकीच येते. म्हणजे कडेचा एक किलो इंजिनला जवळजवळ दोन किलोसारखा वाटतो. शिवाय वेगाने फिरणारं जड चाक आपली दिशा सोडायला तयार नसतं. बाइक डावीकडून उजवीकडे झुकवताना हाताला जो विरोध जाणवतो, त्यात याचा मोठा वाटा आहे. चाक हलकं झालं की हाच विरोध कमी होतो.

दुसरा मुद्दा, स्प्रिंगच्या खालचं वजन. चाक, टायर, डिस्क, कॅलिपर, फोर्कचा खालचा भाग, हे सगळं रस्त्याबरोबर वर-खाली होतं. बाकीची बाइक स्प्रिंगवर तरंगत असते. खड्डा आला की खालचं वजन वर उडतं आणि सस्पेन्शनला ते पुन्हा रस्त्यावर दाबून बसवावं लागतं. वजन जितकं कमी, तितकं चाक लवकर खाली येतं, आणि चाक रस्त्याला चिकटलेलं असेल तरच ब्रेक आणि वळण या गोष्टींना अर्थ आहे. घाटातल्या उखडलेल्या वळणावर बाइक नाचते की शांत राहते, ते बरंचसं यावर ठरतं.

तिसरा मुद्दा, मध्यापासूनचं अंतर. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन सहज वळता येतं. तीच हात लांब करून धरा आणि वळून दाखवा! वजन तेवढंच, पण शरीरापासून लांब गेलं. बाइकचंही तेच. शेपटीकडे लटकलेला सायलेन्सर, उंचावर बांधलेली बॅग, पुढे टांगलेले जादा दिवे, ही लांब धरलेली कळशी आहे. तेवढंच वजन इंजिनच्या जवळ आणलं की एक ग्रॅमही कमी न करता बाइक चपळ वाटते.

कंपन्या हे कसं करतात

यातलं माझं आवडतं उदाहरण १९९२ चं आहे. त्या काळात लिटर क्लासच्या स्पोर्ट्स बाइक कोरड्या वजनातच २०० किलोच्या पुढे असायच्या. ताकद वाढवा, मग ती पेलायला फ्रेम जाड करा, मग वजन वाढलं म्हणून परत ताकद वाढवा, असं चक्र चाललेलं. होंडाच्या तादाओ बाबा यांनी सीबीआर९००आरआर फायरब्लेड काढली, ८९३ सीसी इंजिनची आणि कोरड्या वजनात १८५ किलोची. म्हणजे इंजिन मोठ्या बाइकचं आणि वजन जवळपास ६०० सीसीच्या बाइकचं. फॅशन होती उलट्या फोर्कची, पण वजन वाचावं म्हणून त्यांनी साधेच फोर्क लावले. एखादा चमत्कारी पार्ट लावून वजन उतरवलं नाही. प्रत्येक पार्टला "तू एवढा जड का?" असं विचारलं गेलं. पुढच्या सुपरबाइकना त्यानंतर नुसत्या ताकदीवर भागवता आलं नाही.

आता आपल्या घराजवळचं. आरसी ३९० पुण्याशेजारी चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. २०२२ चं मॉडेल आलं तेव्हा कंपनीने सांगितलं होतं: चाकं ३.४ किलोने हलकी, ब्रेक ९६० ग्रॅमने हलके, फ्रेम दीड किलोने हलकी. क्रम बघा. सगळ्यात मोठी कपात चाकांत, म्हणजे जिथे किलोला सगळ्यात जास्त भाव आहे तिथेच. मघाचं गणित लावलं तर चाकांचे ते ३.४ किलो पिकअपला ३.४ ते ६.८ किलोच्या मधलं काहीतरी वाटतात. म्हणजे आपल्या श्रोत्याला जे काम करायचंय, त्यातलं बरंचसं कारखान्यात आधीच झालंय.

आणि टोकाचं उदाहरण, २०२० ची डुकाटी सुपरलेजेरा व्ही४. फ्रेम, सबफ्रेम, स्विंगआर्म, चाकं, सगळं कार्बन फायबरचं. कोरडं वजन १५९ किलो, साध्या पानिगाले व्ही४ पेक्षा जवळपास १६ किलो कमी. फक्त ५०० बाइक बनवल्या, किंमत लाखभर युरो. पण मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. डुकाटीने हे कार्बनचे महत्त्वाचे पार्ट एकूण एक तपासले, थर्मोग्राफी, अल्ट्रासाउंड आणि टोमोग्राफी करून. आपण माणसांचा सीटी स्कॅन करतो ना, तसं. कारण कार्बन फायबरचे थर आतून सुटलेले असले तरी बाहेरून तो तसाच काळा, चकचकीत दिसतो. पैसे नुसत्या कापडाचे आणि रेझिनचे नसतात, "हा तुटणार नाही" हे सांगू शकणाऱ्या तपासणीचेही असतात. स्वस्त कॉपीत किंमत कमी होते तेव्हा सगळ्यात आधी काय गाळलं असेल, विचार करा.

जाता जाता एक टीप. जाहिरातींमधली वजनं एकमेकांशी जुळवताना "ड्राय" आहे की "कर्ब" ते बघा. ड्राय म्हणजे द्रवपदार्थांशिवाय, कधीकधी बॅटरीशिवायसुद्धा. एका बाइकचं ड्राय आणि दुसरीचं कर्ब घेऊन वाद घालणारे व्हॉट्सॲप ग्रुप मी पाहिलेत. रात्री दोनपर्यंत चालतात.

आधी फुकटचं वजन काढा

पेट्रोलच्या एका लिटरचं वजन साधारण ७४० ग्रॅम. आरसी ३९० ची टाकी १३.७ लिटरची, म्हणजे फुल टाकी सुमारे दहा किलो. ट्रॅक डेला अर्धी टाकी ठेवलीत तर पाच किलो गेले, तेही उंचावरचे. खर्च शून्य. साठ हजारांच्या यादीतल्या अर्ध्याअधिक वस्तू मिळूनही कदाचित एवढं वजन निघणार नाही.

मग ट्रॅकवर जे लागतच नाही ते बघा: आरसे, नंबर प्लेटचा होल्डर, मागचे फूटरेस्ट. हे तिथे उतरवायचं आणि घरी येण्याआधी परत लावायचं. रोजच्या बाइकवर आपणच चढवलेलं किती आहे तेही बघा. जाड लोखंडी लेग गार्ड, मोबाइल होल्डर, टॉप बॉक्सची प्लेट, दोन-दोन कुलुपं. लेग गार्ड काढाच असं म्हणत नाही, पण त्याचं वजन माहीत असू द्या.

आणि हो, चालवणाराही त्या २५० किलोत आहे. यावर मी जास्त बोलत नाही. माझी आईसुद्धा हा पॉडकास्ट ऐकते.

आता पैशांचं वजन

यासाठी एक सोपी सवय लावा. जो पार्ट काढाल तो किचनमधल्या डिजिटल काट्यावर ठेवा. नवीन पार्टही ठेवा. फरक ग्रॅममध्ये लिहा, आणि किंमत भागिले ग्रॅम करा. शेजारच्या रकान्यात लिहा, हे वजन कुठलं: फिरणारं, स्प्रिंगखालचं, लांबचं, की नुसतंच मधलं. दुकानदाराच्या "खूप हलकं आहे"पेक्षा हा कागद जास्त खरा.

बॅटरी: या वर्गातल्या बाइकची लेड ॲसिड बॅटरी साधारण अडीच-तीन किलोची असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. ग्रॅमच्या हिशोबात हा सौदा बरा पडतो. फक्त आधी मल्टिमीटर लावून बाइकचं चार्जिंग तपासून घ्या. या बॅटरीला साधारण १४.६ व्होल्टच्या वर चालत नाही. रेग्युलेटर बिघडला तर जुनी बॅटरी थोडं सहन करते, ही करत नाही.

एक्झॉस्ट: सायलेन्सर बाइकच्या कडेला आणि मागे असतो, त्यामुळे तिथला किलो महाग आहे, खरंय. पण आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू आहे आणि पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. फुल एक्झॉस्टमध्ये तो बहुतेक वेळा जातो. म्हणजे वजन कमी झालं, पण धूर घाण झाला. मॅप न बदलता हवा मोकळी केली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं, ते वेगळंच. आणि रस्त्यावर आवाजाचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, त्याचे व्हिडिओ काय कमी फिरतात?

चाकं: इथल्या किलोला सगळ्यात जास्त भाव, म्हणून मोह पण इथलाच सगळ्यात मोठा. नामांकित कंपनीची फोर्ज केलेली किंवा कार्बनची चाकं उत्तम असतात, पण ती साठ हजारांत येत नाहीत. आणि आपला रोजचा रस्ता? मूळ कास्ट ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात आदळली की बहुतेक वेळा वाकते. वाकलेली दिसते, हवा जाते, आपण थांबतो. कार्बन वाकत नाही, आतून तडकतो. त्यात ते न तपासलेलं, नाव नसलेलं चाक असेल, तर तडा कधी गेला ते कळायला शंभरच्या स्पीडचा क्षणच उरतो. ही वस्तू यादीतून सरळ काढा. त्याऐवजी टायर बदलायची वेळ येईल तेव्हा त्याचं वजन विचारा. टायर चाकाच्या अगदी कडेला असतो आणि बदलायचा तर असतोच. ग्रिप आणि साइझ मात्र आधी, वजन नंतर.

जिथे हात लावायचा नाही

रंगीत बोल्टांचं बोलू. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण ताकदही तशी, आणि त्याहून महत्त्वाचा आहे थकवा. लोखंडी तार मागे-पुढे वाकवत राहिलं की तुटते, सगळ्यांनी केलंय. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळपास कितीही वेळा सहन करतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. लहान ताणसुद्धा मोजत राहतं, आणि एक दिवस हिशोब पूर्ण होतो. कंपनी ॲल्युमिनियमची फ्रेम आणि चाकं बनवते तेव्हा हे धरून ती जाड ठेवते. बोल्टला जाड व्हायला जागाच नसते.

म्हणून नियम सोपा: फेअरिंगचे, नंबर प्लेटचे, सजावटीचे बोल्ट ॲल्युमिनियमचे चालतील. ब्रेक कॅलिपर, ॲक्सल, हँडलबारचा क्लॅम्प, फूटरेस्ट, फोर्क, इथे नाही म्हणजे नाही. मूळ बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं दिसेल. ती त्याची ताकद आहे, डिझाइन नाही. कॅलिपरचे बोल्ट बदलून काही ग्रॅम वाचतात. पुढचा ब्रेक दाबल्यावर तुमची सगळी २५० किलोची गाडी त्याच बोल्टांवर लटकते.

तसंच भोकं पाडणं. "रेसिंग बाइकला भोकं असतात" म्हणून ब्रॅकेटला ड्रिल मारणारे गॅरेजवाले आहेत. सपाट पट्टीत गोल भोक पाडलं की त्याच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो. तडा तिथूनच सुरू होतो. इंजिनिअर भोक कुठे पाडायचं ते गणित करून ठरवतो, आपण ड्रिल कुठे पोचतं ते बघून.

आणि साडी गार्ड. दिसायला नको वाटतो, मान्य. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ मध्ये मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण बंधनकारक आहे, आणि ते शोभेसाठी नाही. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गेली की मागे बसलेली बाई ओढली जाते. बाइकवर मागे आई, बहीण, मैत्रीण कोणीही बसत असेल, तर ते वजन वजन नाहीच. एबीएसच्या मॉड्यूलचंही तेच, त्याचा विचारसुद्धा करू नका.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या मूळ कंपनीच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी तेच शोधते.

मग साठ हजारांचं काय?

माझा क्रम असा. ट्रॅकला अर्धी टाकी आणि उतरवलेले आरसे: फुकट. चार्जिंग तपासून लिथियम बॅटरी: हो. पुढच्या वेळी चांगले टायर: नक्की. मग सस्पेन्शन तुमच्या वजनाला लावून घेणं, कारण स्प्रिंगखालचं वजन कमी करून जे मिळवायचं होतं, म्हणजे चाक रस्त्याला चिकटलेलं राहणं, त्यातलं बरंच इथे मिळतं. उरलेले पैसे ट्रॅकवर शिकवणाऱ्या रायडिंग स्कूलला. एक दशांश सेकंदासाठी पार्ट घ्यायचे, तर वळणात डोळे कुठे ठेवायचे हे शिकून त्याच्या कितीतरी पट मिळतं.

जाता जाता एक आकडा. मोटोजीपीत बाइकचं किमान वजन ठरलेलं आहे, १५७ किलो. ज्यांच्याकडे पैसा आहे, मशिन आहेत, इंजिनिअरांची फौज आहे, त्यांनाही "याच्या खाली जायचं नाही" असं सांगावं लागतं. कारण हलकं करायला निघालेला माणूस आपण होऊन थांबत नाही. आपल्या गॅरेजमध्ये ही रेष आपणच आखायची.

तर किचनचा काटा काढा, तुमच्या बाइकवरचे तीन जादा पार्ट मोजा आणि ग्रॅम व्हॉइस नोटमध्ये पाठवा. काटा घासून परत ठेवा मात्र, नाहीतर चेनच्या ऑइलचा वास कणकेला येतो. पुढच्या भागात सस्पेन्शनचा सॅग घरी टेपने कसा मोजायचा ते बघू. भेटू!